बोअरचं पाणी तपासायचंय, घरटी 50 रुपये अन् एक बाटली द्या

राम राम मंडळी, आपल्या पाणी समितीकडून हे टाकतोय. गावातले सगळे बोअर, दोन्ही हापसे अन् पाराजवळचा आड, सगळ्यांचं पाणी नायट्रेटसाठी तपासायचं ठरलंय.

बरेच जण म्हणायलेत आमचं पाणी काचेसारखं हाय, गोड हाय, तपासायचं काय त्यात. अहो नायट्रेटला ना रंग ना वास ना चव. युरिया टाकला की पिकानं घेतला तेवढा घेतला, उरलेला नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली झिरपतो, अन् उकिरडा नाहीतर संडासचा शोषखड्डा बोअरला खेटून असला तर विचारूच नका (असे कुठं कुठं हायेत ते सगळ्यांना माहितीय, नावं घेत नाही). आडात ब्लिचिंग टाकून आपण निवांत होतो, पण त्यानं जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. तुरटीनंही जात नाही. उकळलं तर उलट वाढतं, पाणी आटतं अन् ते मागं राहतं. आता ज्या घरात सहा महिन्यांच्या आतलं लेकरू पावडरच्या दुधावर हाय तिथं माय बिचारी काळजीपोटी पाणी उकळूनच घेते, अन् नायट्रेट जास्त असलं तर अशाच लेकराच्या रक्तात ऑक्सिजन नीट पोचत नाही, ओठ नखं निळी पडतात. म्हणून त्या घरांचे नमुने पहिले.

आपल्याकडं मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. आधी किटवर बघू, जास्त दिसलं तर नमुना लातूरच्या लॅबला. काही किटवर नायट्रेटमधल्या नुसत्या नायट्रोजनचा आकडा येतो, तिथला 10 म्हणजे आपले 44, तवा 20 बघून कुणी खुश होऊ नका.

पैसे किट, लॅबची फी अन् पेट्रोलला लागणार, हिशोब फळ्यावर लागंल. ज्याला जमत नाही त्याचंबी पाणी तपासणारच, तांड्यावर आम्ही स्वतः येतो. लग्नातला आइस्क्रीमचा थर्माकोल डबा कुणाकडं पडला असंल तर द्या, नमुने बर्फात न्यायचेत. रोज लातूरला ड्युटीला जाणाऱ्यांनी नाव कळवा.

पाणी भरायच्या आधी मोटार पाच मिनिटं चालू द्या, बाटली साध्या पाण्याचीच घ्या, कोल्ड्रिंकची नको, अन् त्याच पाण्यानं तीनदा विसळा, साबण लावू नका.

नायट्रेट निघालं तरी बोअर कुणी बंद करणार नाही, धुण्याभांड्याला चालतंय, फक्त पिण्याला अन् लेकराच्या दुधाला नको. रविवारी सकाळी आठपासून शाळेच्या ओट्यावर बसतोय, पाणी त्याच दिवशीचं भरून आणा.