तक्रार मिटवू नका, निर्णय द्या : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी महाविद्यालयात शिकवते आणि शिस्तपालन समितीवर बरीच वर्षे काम केले आहे. विद्यार्थ्याविरुद्ध आलेल्या प्रत्येक तक्रारीवर कारणांसह लेखी निर्णय देणे सर्व महाविद्यालयांना बंधनकारक करणारा शासन निर्णय काढावा, एवढ्यासाठीच हे पत्र.

आज होते काय? मुलाला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावतात, ओळखपत्र काढून घेतात. ‘पालकांना घेऊन ये, तोवर वर्गात बसायचे नाही.’ दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून वडील एसटीने येतात. कोरा फुलस्केप पुढे सरकवला जातो आणि मजकूर सांगितला जातो : ‘माझ्याकडून चूक झाली. पुन्हा असे घडल्यास महाविद्यालय देईल ती शिक्षा मला मान्य राहील.’ मुलगा लिहितो, वडील खाली सही करतात. चूक कोणती, पाहिली कुणी, मुलाचे म्हणणे काय, यातले काहीही त्या कागदावर नसते. पुढच्या खेपेला मात्र तोच कागद पुरावा म्हणून फाइलीतून बाहेर निघतो.

जिने तक्रार केली, तिच्याही हाती काही पडत नाही. अर्जाची पोच नाही, आवक क्रमांक नाही. विचारायला गेली तर ‘त्याला समज दिली आहे, तू आता अभ्यासाकडे लक्ष दे’ एवढेच उत्तर. अशी मुलगी पुन्हा तक्रार करत नाही. तिचे गप्प बसणे मग ‘आमच्याकडे शिस्त आहे’ म्हणून मिरवले जाते, याची मला फार चीड येते.

रॅगिंगच्या बाबतीत आपल्याच राज्याने 1999 साली कायदा केला. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची, तथ्य दिसले तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची आणि तथ्य नसेल तर तक्रारदाराला तसे लेखी कळवायचे. हयगय करणारा प्रमुख अपप्रेरणेचा, म्हणजे गुन्ह्याला साथ दिल्याचा, दोषी धरला जातो. मग मारामारी, चोरीचा आळ, समाजमाध्यमावरची पोस्ट, शिक्षकाशी हुज्जत यांना हाच नियम का नको?

म्हणणे ऐकून न घेता विद्यार्थ्याला शिक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच घनश्याम दास गुप्ता खटल्यात सांगितले. तरीही मे 2025 मध्ये पुण्याच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला पोस्टवरून बाजू न ऐकताच काढून टाकले गेले. उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, तेव्हा कुठे तिच्या परीक्षेची वाट मोकळी झाली. तिला वकील मिळाला. मजुरी बुडवून आलेल्या वडिलांनी कुठे जायचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार तक्रार निवारण समिती आहे आणि तिच्यावर विद्यापीठाने नेमलेला लोकपालही आहे. समितीच्या निर्णयावर 15 दिवसांत लोकपालांकडे अपील करता येते. पण शिक्षाच तोंडी झाली असेल, तर मुलाने समितीपुढे दाद मागताना अर्जाला जोडायचे काय?

वेळ नाही, माणसे नाहीत, असे माझे सहकारी म्हणतील. ते खरेच आहे. कित्येक विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. ज्याची पुढच्या वर्षीची नेमणूक प्राचार्यांच्या हाती, तो शिस्तपालन समितीत त्यांच्याविरुद्ध मत कसे देईल? म्हणून समितीत निदान एक सदस्य दुसऱ्या महाविद्यालयाचा हवा. ज्या शिक्षकाने तक्रार केली, तो समितीवर नको. बाकी काम एका पानाचे आहे : आरोप काय, दोघांचे म्हणणे काय, पुरावा कोणता, निर्णय काय व का, आणि अपील कुठे करायचे. हे पान दोन्ही बाजूंना मिळावे. निर्णय होईपर्यंत हॉल तिकीट अडवू नये आणि ‘दाखला हातात देऊ’ ही धमकी कुणी देऊ नये.

प्रवेश सुरू होण्याआधी हा शासन निर्णय निघाला, तर येत्या वर्षीच्या माहितीपुस्तकातच ही पद्धत आणि लोकपालांचा पत्ता छापता येईल. तसे आदेश आपण द्यावेत, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका