फॉरवर्ड झालेल्या लेखालाही लेखक असतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ज्वारीच्या काढणीवरचा एक मजकूर चौकटीत छापून आला आहे. खाली ‘सोशल मीडियावरून साभार’ एवढंच आहे. तो लेख माझा आहे. मी मंगळवेढा तालुक्यात राहते आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठी विषय घेऊन शिकते. पेपरात छापून यावं असं मला फार वाटायचं, आणि आलं ते असं. पप्पांनी तर आधी अभिनंदनच केलं, मग चष्मा लावून नाव शोधायला लागले.

माझा ब्लॉग हौसेतून सुरू झालेला नाही. आमच्या उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात ब्लॉगलेखन आहे. मॅडमनी त्याची वैशिष्ट्यं वहीत उतरवून देण्याऐवजी सांगितलं, की प्रत्येकानं खरोखरचा ब्लॉग काढा आणि लिंक मला पाठवा. ब्लॉगर फुकट आहे, गूगलचं खातं प्रत्येकाच्या फोनमध्ये असतंच. अर्ध्या वर्गानं ‘माझा आवडता सण’ टाकून मार्क घेतले आणि विषय संपवला. माझा चालू राहिला तो आकड्यांच्या नादानं. किती जणांनी पाहिलं हे ब्लॉगर दाखवतं, आणि मी दर थोड्या वेळानं उघडून बघायची. आकडा वाढतोय म्हणून खूश. मग एका मैत्रिणीनं दाखवलं, की त्यात मी स्वतः उघडलेलंही धरलं जातं, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. बंद केल्यावर आकडा एकदम जमिनीवर आला. सिंगापूरहून मात्र कोणीतरी नेमानं येत होतं. आमच्या तालुक्यातलं कोण तिकडे गेलंय याची मी घरी चौकशीही केली. अशा भेटी बहुतेकदा माणसांच्या नसतात, आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रॅमच्या असतात, हे पुढे कळलं.

लिहायचं कशावर हा प्रश्न आला तेव्हा घरात ज्वारीची काढणी चालू होती. आमच्याकडची मालदांडी जातीची. शहरातल्या लोकांना ज्वारी म्हटलं की हुरडा पार्टी आठवते. ती जानेवारीत उरकते. त्यानंतर फेब्रुवारी-मार्चात आमच्या बायका पहाटे रानात जातात, कारण दव असतं तोवरच पानं मऊ असतात. उन्हं चढली की ती करकरीत होतात आणि हात कापतात. आई मोबाइलची बॅटरी लावून बांधावरून पुढे, मागे बाकीच्या. ज्वारीचं उभं ताट दोन्ही हातांनी धरायचं, कमरेत वाकून मुळासकट उपटायचं, मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि आडवं टाकायचं. संध्याकाळी आईच्या तळहाताला भेगा पडलेल्या असतात. त्यात ती गोडंतेल भरते आणि त्याच हातानं भाकरी थापते. वाळल्यावर कणसं खुडायची, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या, पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. हे सगळं मी फोनवर अंगठ्यानं टाइप केलं. कीबोर्डला पाचुंदा ठाऊक नाही, तो दर वेळी सुधारून ‘पाच चेंडू’ करायचा. त्यामुळे या शब्दासाठी मी जितकी झगडले तितकी बाकी लेखासाठी झगडले नाही.

वाचक कसे आणायचे हे भाऊ शिकवायला लागला. त्याचं म्हणणं, वाचतंय कोण, रील कर. इन्स्टाग्रामवर मजकुरात दिलेली लिंक दाबली तरी उघडत नाही, म्हणून ‘लिंक बायोमध्ये आहे’ असं लिहावं लागतं, आणि बायोपर्यंत कोणी जात नाही. तरी त्यानं हुरड्याच्या आगटीचं रील केलं, खाली सध्या गाजत असलेलं गाणं लावलं. ब्लॉगला वर्षात मिळाले नसते इतके लोक तिथे एका रात्रीत आले. कमेंट काय, तर ‘ताई, लोकेशन?’, ‘पर हेड किती?’, ‘दही अनलिमिटेड आहे का?’ आई हसून म्हणाली, चला, धंदा तरी कळला.

ब्लॉगवर नाव कुठलं घालायचं यावर घरात महिनाभर धुसफूस होती. काकांचं म्हणणं, मुलीच्या जातीनं पूर्ण नाव नेटवर टाकू नये, ‘ज्वारीची राणी’ असलं काहीतरी ठेव. फोटो मी आजही टाकत नाही, गावाचं नावही लिहीत नाही, तालुक्यावर थांबते. ती काळजी मलाही पटते. नावाबाबत मात्र मी अडून बसले, आणि त्यात आईचंही नाव घातलं. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं असा नियम राज्य सरकारनं केलाच आहे. मी आधी जन्मले म्हणून माझ्या आईनं का मागे राहायचं?

तर तो लेख ब्लॉगवर आला, मी फेसबुकवर टाकला, कोणीतरी उचलून व्हॉट्सॲपवर सोडला. नाव पहिल्याच उडीत गळालं असावं. काही दिवसांनी आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर आत्यानं तो टाकला, वर डबल बाणाची ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ खूण, आणि खाली मला उद्देशून : ‘बघ किती छान लिहिलंय. तू पण असं काहीतरी लिहीत जा.’ मी कळवलं, आत्या, माझाच आहे. त्यावर तिनं हसणाऱ्या चेहऱ्याची रांग पाठवली. तिला ती थट्टा वाटली. शेवटी पप्पांनी फोन करून सांगितलं, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

दरम्यान लेखाचं बरंच काही झालं होतं. मंगळवेढा गेलं आणि ‘आपलं गाव’ आलं. आईची आजी झाली, बहुधा आजी जास्त रडवते म्हणून. पाचुंदा काढून टाकला होता. शेवटी हात जोडलेल्या चित्रांसह एक ओळ चिकटवली होती : ‘मुलांनो, कितीही मोठे व्हा, आईवडिलांना विसरू नका.’ आणखी एका ग्रुपवर आलेल्या प्रतीत तर एका नामवंत दिवंगत लेखकांचं नाव होतं. लेखात बाई मोबाइलची बॅटरी लावून रानात जाते. त्या लेखकांच्या हयातीत लोक पीसीओवर रांगा लावत होते. हे फॉरवर्ड करणाऱ्या कोणाच्या मनात आलं नाही. आपल्या पुरवणीत छापली गेली आहे ती आजीची, सुविचारवाली प्रत.

फॉरवर्ड करणाऱ्यांवर माझा राग नाही. आत्याला आवडलं म्हणून तिनं पुढे धाडलं, यात तिचं काय चुकलं? राग आहे तो ज्यानं कॉपी करताना नावाची ओळ तेवढी वगळून बोट उचललं त्याच्यावर, आणि थोडा आपल्यावर. कारण १९५७चा कॉपीराइट कायदा आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. लेखनावरचा हक्क ते लिहिताक्षणीच मिळतो, नोंदणी करावी लागत नाही, आणि ब्लॉगवर फुकट वाचायला ठेवलं म्हणून तो जात नाही. कलम ५७ तर सरळ लेखकाच्या नावाचंच आहे. कॉपीराइट विकला तरी ‘हे माझं आहे’ म्हणायचा हक्क लेखकाकडेच राहतो, आणि त्याची अप्रतिष्ठा होईल अशी मोडतोड करण्याला तो हरकत घेऊ शकतो. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, दुसरीकडची ज्वारी या नावानं विकता येत नाही. ज्वारीला जे मिळालं ते तिच्यावरच्या लेखाला मिळू नये, हे मला जरा विचित्र वाटतं.

पण हे फक्त श्रेयाचं रडगाणं नाही. नाव होतं म्हणून माझ्या ब्लॉगवर लातूरकडच्या एका शेतकरी काकांनी कमेंट केली, की उपटता कशाला, आमच्यासारखी विळ्यानं का कापत नाही, कंबर तरी वाचेल. मी पप्पांना विचारलं. ते म्हणाले, उपटलं की रानात धसकटं राहत नाहीत, आणि कडबा बुडख्यासकट लांब मिळतो, जनावराला तेवढाच जास्त. मी तसं उत्तर दिलं. त्यावर काकांनी विचारलं, आणि बायकांच्या कमरेचा हिशेब कोण धरतं? याचं उत्तर पप्पांकडेही नव्हतं, माझ्याकडेही नाही. पण विचारायला माणूस होता म्हणून हा प्रश्न पुढे आला. व्हॉट्सॲपवरच्या आजीला हे कोण विचारणार?

लोक म्हणतील, टोपणनावानं लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आहेच. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८पासून ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात पत्रं लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावानं. पण एका नावानं, सलग लिहिली. कोणाला राग आला तर तो कोणावर काढायचा हे ठाऊक होतं. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई नावाच्या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. आम्हाला तो अभ्यासाला आहे. मॅडम शिकवत होत्या तेव्हा मला राहून राहून वाटत होतं, की त्या वेळच्या संपादकांनी खाली ‘शाळेकडून साभार’ एवढंच छापलं असतं तर?

निनावी मजकुराचं दुसरं टोक आमच्या तालुक्यानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी म्हणून गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज तेव्हा फोनाफोनांत फिरत होते. मारले गेले त्यातले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले. मी तेव्हा शाळेत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. माझा लेख निरुपद्रवी आहे, त्या मेसेजची आणि त्याची बरोबरी मी करत नाही. पण ‘कोणी लिहिलंय?’ हे न विचारता पुढे ढकलायची बोटांना लागलेली सवय एकच आहे, आणि छापील पेपरानं तरी ती लावून घेऊ नये.

म्हणून एक साधी विनंती. असा मजकूर छापण्याआधी त्यातलं एखादं वेगळं वाक्य उचलावं, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं द्यावीत आणि गूगलवर शोधावं. मजकूर बदललेला असला तरी दोन-चार वाक्यं तशीच राहिलेली असतात. ‘माती पायावर आपटून झाडायची’ हे शोधलं असतं तर माझा ब्लॉग मिळाला असता, मी करून बघितलं आहे. व्हॉट्सॲपवरचं असं शोधता येत नाही, फेसबुकवरचंही नेमकं हाती लागेल असं नाही. ब्लॉगचा पत्ता आणि प्रसिद्धीची तारीख मात्र जागेवर असते. नव्यानं लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनाही मी हेच सांगते, की रील करा, ग्रुपवर टाका, पण आधी ब्लॉगवर ठेवा. शोधूनही लेखक सापडला नाही, तर ‘मूळ लेखकाचा शोध लागला नाही, माहिती असल्यास कळवावे’ असं छापावं. आपल्याच ‘वाचकांची पत्रे’खाली ठळक अक्षरांत असतं, की नाव-पत्ता नसलेल्या पत्रांचा विचार केला जाणार नाही. तो नियम चौकटीलाही लावावा, इतकंच.

मूळ लेखाची लिंक, तारखेसह, या ईमेलला जोडली आहे. पत्रात ती देत नाही, नाहीतर ब्लॉगच्या जाहिरातीसाठी हे सगळं लिहिलं असं काका म्हणतील. मानधनाचा प्रश्न नाही. पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती, माझ्या नावानिशी, आली तरी पुरे. लेख पुन्हा छापायची इच्छा झाली तर ब्लॉगवरचा घ्यावा, आजीच्या जागी आई ठेवावी, पाचुंदा परत घालावा आणि ती आईवडिलांना विसरू नका ही ओळ काढून टाकावी.

आपली विश्वासू,
कोमल सुनीता दत्तात्रय माने
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर