विषय: बीटा एचसीजीचा दुसरा रिपोर्ट आणि तुमचं 'काँग्रॅच्युलेशन्स'

व्यवस्थापक, तक्रार विभाग यांस,

आज दुपारी तुमच्या माणसाने "मॅडम, तुमचं तिकीट क्लोज झालंय" असं सांगून फोन ठेवला. म्हणून हे पत्र.

सोमवारी सकाळी साडेसातला पहिलं रक्त दिलं. बीटा एचसीजी (गर्भधारणा दाखवणारं संप्रेरक) 1,180, प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं संप्रेरक) 4.1. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं. एवढ्या एका आकड्यावरून गर्भ नळीत (बीजवाहिनीत) आहे की गर्भाशयातच संपत आलाय हे कुणालाच सांगता येत नाही. लॅब चालवणाऱ्यांना हे मी सांगायला नको. प्रोजेस्टेरॉन इतकं कमी आलं की गर्भ टिकणार नाही एवढं कळतं, तो कुठे बसलाय ते नाही. म्हणूनच 48 तासांनी दुसरं रक्त, त्याच लॅबमध्ये, त्याच मशीनवर. गर्भ नीट असेल तर या पातळीला दोन दिवसांत निदान 49 टक्के वाढ अपेक्षित असते.

बुधवारी रक्त वेळेवर नेलंत. संध्याकाळी सहाचा रिपोर्ट आला गुरुवारी दुपारी चारला. आकडा 1,390. खाली मुंगीच्या अक्षरात: 'नमुना अन्य प्रयोगशाळेत, वेगळ्या पद्धतीने तपासला.' म्हणजे ती 18 टक्के वाढसुद्धा खरी धरायची की नाही, देव जाणे.

मी फोन केला.

"मॅडम, पॉझिटिव्ह आहे. काँग्रॅच्युलेशन्स!"

म्हटलं, अहो, गर्भ नळीत असल्याची शंका आहे. मशीन का बदललं तेवढं सांगा.

"व्हॅल्यू वाढलीय ना मॅडम? पाच आठवड्यांच्या रेंजमध्ये आहे. टेन्शन घेऊ नका."

पुन्हा विचारलं. त्याने मला होल्डवर टाकलं, सनई ऐकवली (सनई!), आणि परत येऊन म्हणाला, "प्रेग्नन्सी पॅकेजवर 20 टक्के सूट आहे, लिंक पाठवू का?" नको म्हटलं. तरी पाठवली. तत्परता ती एवढीच.

शुक्रवारी डाव्या नळीत गाठ दिसली. गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन घ्यावं लागलं. त्याआधी फुटली असती तर? बावीस तास मी रिपोर्टची वाट बघत होते, बावीस तास. आता इंजेक्शननंतर चौथ्या दिवसाच्या रक्तापासून सातव्या दिवसाच्या रक्तापर्यंत बीटा एचसीजीत निदान 15 टक्के उतार दिसायला हवा. ती दोन्ही रक्तं मी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये देतेय. तिथले काका रिपोर्ट हाताने लिहितात, पण त्यांच्याकडे मशीन एकच आहे. तुमचं नाव मोठं, म्हणून तुमच्याकडे आले होते.

दोन्ही तपासण्यांचे पैसे परत हवेत. नमुना दुसरीकडे कुणी आणि का पाठवला, हे 15 दिवसांत लेखी कळवा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात भेटू, तिथे सनई नसते.

आणि तुमच्या ॲपवरून आज सकाळी आलं, 'तुमचं बाळ आता मसुराएवढं झालं!' ते आधी बंद करा. आजच.