वृद्धाश्रमातील आग आणि पन्नास हजारांचा दंड

महोदय,

१ जानेवारी २०२३ रोजी पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातील ज्येष्ठ नागरिकांच्या शुश्रूषा केंद्राला आग लागून दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात २००६च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि वीस ते पन्नास हजार रुपये दंड आहे. काही खासगी वृद्धाश्रमांत दोन-तीन खाटांचे महिन्याचे शुल्कच (अनामत रक्कम वेगळी) तेवढे होते. अंथरुणाला खिळलेल्यांना जिना उतरता येत नाही, म्हणून दंड खाटांच्या संख्येनुसार आकारावा आणि प्रमाणपत्र प्रवेशद्वारावर लावणे सक्तीचे करावे.

– एक वाचक, पुणे