फेब्रुवारीचं ध्येय रविवारपर्यंत टाका

मंडळी नमस्कार, परत एकदा आठवण. फेब्रुवारी म्हणजे इथे अमेरिकेत ब्लॅक हिस्टरी मंथ, म्हणजे कृष्णवर्णीयांचा इतिहास आठवायचा महिना, आणि आपलं ठरलंय की या महिन्याचं ध्येय प्रत्येकाने एखाद्या कृष्णवर्णीय माणसाच्या आयुष्यातून उचलायचं. मोजक्यांनीच टाकलंय, बाकीचे कुठे गायब?

आणि "पॉझिटिव्ह राहणार" असलं मोघम नको प्लीज, ते जानेवारीत झालं. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसचंच बघा ना, गुलाम असताना बाल्टिमोरमध्ये मालकिणीने अक्षरओळख करून दिली, मालकाने ती बंद पाडली, तर हा पठ्ठ्या रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव द्यायचा आणि बदल्यात त्यांच्याकडून वाचायला शिकायचा! तेव्हा स्पॅनिश शिकायला वेळच मिळत नाही म्हणणाऱ्यांनी जरा विचार करा :) मेरी मॅक्लाउड बेथून यांनी १९०४ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाला दीड डॉलर हातात असताना मुलींची शाळा काढली, शाईसुद्धा एल्डरबेरीच्या रसाची. इतिहासकार कार्टर वुडसन कोळशाच्या खाणीत राबून विशीत हायस्कूलला गेले, १९१२ ला हार्वर्डची डॉक्टरेट.

हे आपलं नाही असं कोणाला वाटत असेल तर जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली ते बघा, गुलामी संपवणाऱ्या अमेरिकन लोकांना.

तर कोणाकडून घेतलं, काय करणार, कधीपर्यंत, एवढंच दोन ओळीत लिहा. मुलांचंही चालेल, पण त्यांनी स्वतः लिहिलेलं हवं, आईने नाही. झूमची लिंक शनिवारी टाकते.