फियाटच्या सीटमधल्या जुन्या स्प्रिंगा परत मिळण्याबाबत

प्रति,
मालक, कुशन वर्क्स,
छत्रपती संभाजीनगर

मालक, नमस्कार.

मी सेलूचा. ती चेरी रंगाची फियाट घेऊन आलतो, तो. म्हणजे कागदावर प्रीमियर पद्मिनी, १९८४ चं मॉडेल, स्टेअरिंगवर गिअर अन् पुढं एकच सलग सीट असलेली. तुमच्या पोराला चार वेळा फोन केला, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकले, निळ्या टिका आल्या, उत्तर काही आलं नाही, म्हणून आता लिहून स्पीड पोस्टानं पाठवायलो म्हणजे पोचलं नाही असं म्हणायला जागा राहू नये.

आधी झालं काय ते सांगतो, कारण दुकानात तुम्ही स्वतः फक्त पहिल्या दिवशी भेटलात, नंतर सगळा व्यवहार काउंटरवरच्या पोरासोबतच झाला अन् त्यानं तुम्हाला काय सांगितलं ते देव जाणे.

पहिल्या दिवशी मी तुम्हाला उभ्या उभ्या तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, रेक्झिन फाटलंय ते बदला, रंग जुनाच चेरी ठेवा अन् कडेची पाइपिंग क्रीम रंगाची. दोन, लोखंडी फ्रेमला गंज चढलाय तो घासून काढा, रेड ऑक्साइड मारा, मग रंग द्या. तीन, आतल्या स्प्रिंगांना हात लावू नका, त्या चांगल्या आहेत, फक्त वरचा काथ्या दबलाय तेवढा नवा टाका. तुम्ही मान हलवली, "काळजी करू नका साहेब, ओरिजिनल करून देतो" म्हणलात, १६,५०० चा एस्टिमेट दिला, पाच दिवस म्हणलात. एकोणीस दिवस लागले. तेही सोडून देतो, लग्नसराईत कारागीर मिळत नाहीत हे आम्हालाही कळतं.

पण गाडी घ्यायला आलो तर काय बघतो, काळं रेक्झिन, त्यावर लाल धाग्याची डायमंड शिलाई! मी पोराला म्हणलं, अरे बाबा ही फियाट आहे, वरातीतली डीजेची गाडी नाही. तर म्हणतो, "काका, चेरी कलर येतच नाही आता, अन् हा नापा रेक्झिन आहे, लई भारी आयटम." येत नाही तर फोन करून विचारायचं ना, माझा नंबर एस्टिमेटवर मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. वर बिल २४,००० चं, कामून तर म्हणे फोम जास्तीचा लागला. मी फोम सांगितलाच नव्हता. पण गाडी खोललेली, रात्री सेलूला पोचायचं, घरी भाचीच्या लग्नाची गडबड, अन् तुमचा पोरगा दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलायला लागलेला. दिले पैसे. ही माझी चूक मी कबूल करतो.

आता खरी तक्रार ऐका, रंगाची तक्रार त्यापुढं काहीच नाही.

गाडीत बसलो तर मी उंच. इतका उंच की स्टेअरिंग मांडीला घासायलं. मी जालना रोडला लागलो तेव्हा वाटलं नवीन आहे, दबेल. बदनापूर येईपर्यंत कंबर बोलायला लागली, वाटूर फाट्यावर चहाला उतरलो तर सरळ उभं राहता येईना. जुन्या सीटवर बसलं की माणूस दोन अडीच इंच खाली जायचा, कारण खाली स्प्रिंगा होत्या, रस्त्यातला खड्डा आधी त्या खायच्या अन् मग उरलासुरला आपल्याला यायचा. ह्या सीटवर खड्डा जसाच्या तसा येतो, अन् आमच्याकडच्या रस्त्यांवर खड्ड्याला तोटा नाही.

घरी आल्यावर अण्णांना बसवलं, म्हणजे माझे वडील, वय ८१. त्यांची टोपी छताला लागली. गाडी त्यांनीच घेतलेली, चाळीस वर्षं ह्याच सीटवर बसले, एकदाही टोपी लागली नव्हती. ते सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीत ग्रेडर होते, म्हणजे मालाची प्रत ठरवणारे. आयुष्यभर कापसात हात घालून माल ओळखला, अन् तुम्हाला माहीतच असेल की वर चांगला कापूस अन् खाली कवडी, म्हणजे खराब कापूस, भरून आणणारे लोक ग्रेडरला रोज भेटतात. त्यांनी सीटवर हात दाबला, दोन ठिकाणी चिमटीत धरून बघितलं, अन् म्हणले, "वर माल लावलाय रे, खाली कवडी हाय." मी म्हणलं अण्णा हा फोम आहे, कापूस नाही. ते म्हणले, हात तोच हाय.

मला तेव्हा हसू आलं. महिन्याभरानं हसू गेलं. ड्रायव्हरच्या बाजूला सीट अशी खचली की आधी स्टेअरिंग मांडीला लागत होतं, आता खालची प्लायवूडची फळी बुडाला लागायली. आधी लई उंच, मग लई खाली, मधली बरोबर उंची काही माझ्या नशिबात आली नाही. वैशाखात मानवतला लग्नाला गेलो, ४२ डिग्री ऊन, गाडी मंडपाबाहेर तासभर उभी. परत आलो तर तुमचा नापा तव्यासारखा तापलेला, टॉवेल टाकला तर अण्णा टॉवेलसकट घसरायले अन् काढला तर धोतर चिकटायलं, शेवटी त्यांना माझ्या साडूच्या गाडीत बसवून पाठवलं. आपल्या स्वतःच्या गाडीतून उतरून दुसऱ्याच्या गाडीत बसताना ते काही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मी सीट खोलली. पुढच्या सीटच्या मधोमध, जिथं कुणी बसत नाही तिथं, कव्हर धरून ठेवणाऱ्या खालच्या सहा तारेच्या रिंगा पक्कडीनं काढल्या. आत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे पण लिहून ठेवतो. स्प्रिंगा नाहीत. एकसुद्धा नाही. गोणपाट नाही, काथ्या नाही. फ्रेमवर आडवी प्लायची फळी ठोकलेली, त्यावर चार इंची पांढरा फोम, अन् त्यावर सोल्यूशननं चिकटवलेला एक इंचाचा पिवळा घट्ट फोम. म्हणजे वर माल अन् खाली कवडी, म्हाताऱ्यानं हात लावून सांगितलेलं तेच निघालं.

तुमच्या बिलावर लिहिलंय "४० डेन्सिटी फोम". आता डेन्सिटी म्हणजे काय हे गिऱ्हाईकाला कळत नाही असं तुम्हाला वाटत असेल, पण हिशेब शाळेतल्या पोराचा आहे. एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो भरलं तर तो ४० डेन्सिटीचा. दहा सेंटीमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच असा ठोकळा कापला तर तो घनमीटरचा हजारावा भाग, त्याचं वजन ४० ग्रॅम भरायला पाहिजे. मी पट्टी लावून तसा ठोकळा खालच्या थरातून कापला अन् आमच्या ओळखीच्या सराफाकडं सोन्याच्या काट्यावर ठेवला. २३ ग्रॅम! सराफ म्हणला एवढी कमी कॅरेटची वस्तू माझ्या काट्यावर पहिल्यांदा आली. तो ठोकळा मी जपून ठेवलाय, काट्यावरचा फोटो सोबत जोडलाय.

बाकीचं पटापट सांगतो. फ्रेमचा गंज घासलाच नाही, वरून काळा रंग मारला, तो पापुद्र्यासारखा निघायलाय अन् खाली रेड ऑक्साइडचा ठिपकाही नाही. सीट पुढं-मागं सरकवायच्या पट्टीत सोल्यूशन सांडून ती जाम झालीये. अन् ती डायमंड शिलाई इतकी बारीक टाक्यांची घातलीये की रेक्झिनला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडलीत, अन् तिकीट जिथून फाटतं तिथूनच ते आता फाटायलंय, ड्रायव्हरच्या मांडीखाली वीतभर उसवलंय. जुन्या रेक्झिनला मागून जाड विणीचं कापड होतं, ह्याला मागं बनियनसारखी पातळ होजिअरी आहे. आमच्या सेलूच्या कुशनवाल्यानं १९९८ साली हेच काम केलं होतं, तो फार शिकलेला नव्हता, पण त्यानं स्प्रिंगा तशाच ठेवल्या, सुटलेल्या दोन तारेनं बांधल्या, दाभणानं हातशिलाई केली, अन् ते पंचवीस वर्षं टिकलं. तो आता राहिला नाही म्हणून तर एवढ्या लांब तुमच्याकडं आलो. बनी तो बनी नही तो परभणी म्हणतात, पण आमच्या परभणीत झालेलं काम टिकलं अन् बिघडलं ते तुमच्याकडं येऊन.

मी मागच्या महिन्यात परत आलो तेव्हा तुम्ही नव्हता, पोरगा म्हणला "काका, स्प्रिंगचा जमाना गेला, आता सगळ्या गाड्यांत फोमच असतो." असू द्या. नव्या गाडीची सीट फोमसाठीच बनवलेली असते, आकारात ओतलेला फोम असतो, फ्रेमही तशी असते. माझी फ्रेम स्प्रिंगांसाठी बनवलेली, तिच्यावर फळी ठोकून फोमचा ठोकळा बसवला तर तो लग्नाच्या स्टेजवरचा सोफा झाला, गाडीची सीट नाही झाली. शिवाय स्प्रिंगांमधून हवा खेळती राहते, फोम अन् प्लायमध्ये ती कोंडते, मराठवाड्याच्या मे महिन्यात हा फरक पाठीला कळतो.

तुमच्याकडचे एक वयस्कर कारागीर आहेत, त्यांनी मला बाहेर पाण्याच्या माठाजवळ गाठून हळूच सांगितलं, "साब, स्प्रिंग तो एकदम कडक थे, मेरेकू बोले निकाल के फेंक दो." हे मी लिहायचं का नाही ह्यावर दोन दिवस विचार केला. लिहिलं कारण तुम्ही म्हणाल स्प्रिंगा तुटक्या होत्या, अन् त्या तुटक्या नव्हत्या. पण त्या माणसाला ह्यावरून एक शब्द बोलू नका. तुमच्या दुकानात काम येणारा तोच एक दिसला मला.

तर मला काय पाहिजे ते.

सगळ्यात आधी माझ्या स्प्रिंगा. त्या माझ्या मालकीच्या होत्या, मी त्या तुम्हाला दिल्या नव्हत्या, विकल्या नव्हत्या, काढा म्हणलं नव्हतं. मागल्या अंगणातल्या भंगारात पडल्या असतील तर शोधा. भंगारवाल्याला दिल्या असतील तर त्याला विचारा. तो माल जालन्याच्या कारखान्यात गेला असेल तर आत्तापर्यंत माझ्या सीटची कुणाच्या तरी स्लॅबची सळई झाली असेल, तसं असेल तर तसं सरळ लिहून कळवा अन् त्याच जाडीच्या, त्याच उंचीच्या दुसऱ्या आणून बसवा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून बंद झाल्या, एवढ्या गाड्या मोडीत निघाल्या, गाडी बनायची ती कुर्ल्यात अन् भंगाराचा बाजारही कुर्ल्यात, तिथं फियाटची सीट मिळायला पाहिजे. शोधायला जायचं यायचं भाडं तुमचं.

मग स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर काथ्या, वर पातळ फोम पाहिजे तर लावा पण तो खरोखर ४० चा, मी ठोकळा कापून वजन करून घेणार, राग मानू नका. फ्रेम घासून प्रायमर. रेक्झिन चेरी, नाही मिळालं तर मला नमुने दाखवा, मी निवडतो. शिलाई साधी उभी. अन् हे काम त्याच वयस्कर कारागिरांनी करावं.

एस्टिमेटच्या वरचे ७,५०० परत. अन् पक्कं बिल द्या, तुम्ही दिलाय तो छापील पॅडवरचा कागद, त्यावर ना जीएसटी नंबर ना बिल नंबर, पण १८ टक्के मात्र वेगळे लावून घेतलेत. ते कुठं भरले हे विचारायचा हक्क मला आहे.

पंधरा दिवस वाट बघतो. मला कोर्टकचेरीची हौस नाही, पण माझा मावसभाऊ परभणीला वकील आहे, त्यानं सांगितलंय की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरतात, मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार लावता येते, दोन वर्षांची मुदत असते अन् पाच लाखांच्या आतल्या तक्रारीला फीच नाही. म्हणजे तारखेला परभणीला यावं लागेल ते तुम्हाला. त्याआधी १९१५ ह्या हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवणार आहे. ही धमकी समजू नका, आधी सांगून ठेवायलो एवढंच.

गाडी घेऊन यायची तयारी आहे, फक्त सीट सोडून पाठवा म्हणाल तर तसंही करतो, सेलूहून रेल्वे आहे. फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा मी बँकेत असतो. अन् पोराला नका करायला लावू, स्वतः करा.

आपला,
फियाटवाला, सेलू, जि. परभणी

सोबत: एस्टिमेटची अन् बिलाची झेरॉक्स, खोललेल्या सीटचे सहा फोटो, काट्याचा फोटो.

ता.क. पुढच्या सीटच्या फटीत अण्णांचा पितळी अडकित्ता पडलेला होता, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की सापडला तर बाजूला काढून ठेवा. गाडीत तो नाही. ते रोज विचारायलेत. स्प्रिंगा शोधताना तोही बघा.