दोरावरच्या लाल नाडीबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

पेढे आणले की तुम्ही ते मुलींत वाटून टाकता आणि 'चला, दोराशी' म्हणून मोकळ्या होता. समोर आभार मानायची सोयच नाही, म्हणून हे उघड पत्र. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. सदाशिव पेठेत संध्याकाळी मुलींना दोरीचा मल्लखांब कोण शिकवतं, हे ओळखणारे ओळखतील.

गेल्या पावसाळ्यात माझी अकरा वर्षांची लेक दोरावरून घसरली. निद्रासन सोडवताना पायाच्या अंगठ्यातली पकड सुटली, घाबरून तिने हातही सैल केले आणि दोर मांडीपासून पोटरीपर्यंत कातडं सोलत गेला. जखम पंधरा दिवसांत भरली. पण नंतर दोराला हात लावला की तिचे तळवे घामेजायचे, आणि ओल्या तळव्यांमुळे आपण पुन्हा निसटणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्यात मी भर घातली, हे कबूल करायला हवं. २०२२ साली गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मल्लखांब आला तेव्हापासून मला घरात पदक दिसायला लागलं होतं. 'त्यात काय घाबरायचं?' हे वाक्य मी रोज ऐकवत होतो. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात मल्लखांब पुन्हा उभा करणाऱ्या बाळंभटदादा देवधरांची गोष्टही सांगून झाली. तिने विचारलं, "ते कधी पडले होते का?" मला उत्तर आलं नाही.

तुम्ही तिला काहीच सांगितलं नाहीत. दोराला एक लाल नाडी बांधलीत, तिच्या खांद्याच्या उंचीवर. म्हणालात, "ही हलवायचा हक्क फक्त तुझा. मी नाही हलवणार, बाबाही नाही." आणि पहिले दोन आठवडे तिला फक्त उतरायला शिकवलंत. घसरत यायचं नाही. अंगठा आणि शेजारच्या बोटात दोर धरायचा, एक हात सोडायचा तो दुसरा घट्ट झाल्यावरच, गादीवर टेकताना गुडघे वाकवायचे. चढायचं कधी, असं मीच दोनदा विचारलं. तुम्ही ऐकू न आल्यासारखं केलंत. (तेव्हा राग आला होता.)

मग नाडी वीत-वीत वर जायला लागली. दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती एकदम दोन विती खाली आली. माझ्या तोंडून 'अरेरे' निघालं. तुम्ही मान वळवून एकदाच माझ्याकडे पाहिलंत. दुसऱ्या दिवसापासून मी बाहेर गाडीपाशी थांबायला लागलो. तिथून दोराचा वरचा अर्धाच भाग दिसतो, त्यामुळे लेक दिसायला लागली म्हणजे वर पोचली एवढं कळायचं. फेब्रुवारीपर्यंत ती दिसली नाही. चहावाल्याशी मात्र चांगली ओळख झाली.

परवाच्या स्पर्धेत तिचा नंबर आला नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मधेच पाय सटकला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तिने मात्र हात आवळले, क्षणभर लोंबकळली, पायांत पुन्हा दोर घेतला आणि राहिलेला संच पुरा केला. उतरतानाही घसरली नाही. खाली आल्यावर तिने आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बरोबरच होतं ते.

आता एक अडचण. ती लाल नाडी आमच्याकडे राहिली आहे, तिच्या कंपासपेटीत. तुमच्याकडे नवी आलेली छोटी मुलगी दोराखाली नुसती उभी राहते, असं लेक सांगत होती. नाडी परत देऊन टाक म्हटलं तर म्हणते, "ती माझी आहे. तिला तिची नवी आणू." रविवारी आम्ही दोघं तुळशीबागेत जातोय. लालच आणू, की त्या मुलीलाच रंग विचारायचा?

तुमचा,
गाडीपाशी थांबणारा बाबा